प्रत्येक परिस्थितीत समाधान: ख्रिस्ती विश्वासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बरेचसे प्रश्न प्रार्थनासभा संपल्यावर कोणीतरी हळूच बाजूला घेऊन मला विचारलेले आहेत. काही माझे स्वतःचेच आहेत. पाठीच्या दुखण्याने मी सात महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हाचे. त्या दिवसांत ‘समाधानी राहा’ हे शब्द ऐकले की मला राग यायचा. आता येत नाही, कारण त्या शब्दांचा अर्थ मी चुकीचा धरून बसले होते हे उशिरा का होईना, कळलं.

समाधान म्हणजे नेमकं काय? ‘जे आहे ते गोड मानून घ्या’ एवढंच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते.

‘ज्या परिस्थितीत मी आहे तिच्यात संतुष्ट राहायला मी शिकलो आहे’ हे पौलाचं, म्हणजे येशूच्या सुरुवातीच्या प्रेषितांपैकी एकाचं, वाक्य नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. ते लिहिताना तो कैदेत होता. निकाल काय लागेल, सुटका की मृत्यू, हे त्याला माहीत नव्हतं. फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला मदत पाठवली होती. तिची पोच देता देता हे वाक्य येतं.

तिथे ‘संतुष्ट’साठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द आहे ‘औतार्केस’, म्हणजे स्वतःपुरता पुरेसा, कोणावर अवलंबून नसलेला. त्या काळच्या स्तोयिक तत्त्वज्ञांचा हा आवडता शब्द. त्यांच्या मते ज्ञानी माणूस आतून इतका भक्कम असतो की बाहेर काहीही घडलं तरी तो हलत नाही. पौलाने शब्द त्यांचाच उचलला, पण दोनच वचनांनंतर सांगून टाकलं की हे बळ माझं नाही. जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे हे शक्य आहे. म्हणजे ‘स्वतःपुरता पुरेसा’ माणूस सांगतो आहे की माझा पुरेसेपणा दुसऱ्याकडून येतो.

याच शब्दाच्या मुळातलं एक क्रियापद करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात भेटतं. शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी एक व्यथा, काढून टाक म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ आपल्या मराठीत ‘पुरे’ दोन तऱ्हांनी म्हणतात. वैतागलेला माणूस म्हणतो ‘आता पुरे!’ आणि पोटभर जेवलेला माणूस ताटावर हात आडवा धरून म्हणतो ‘पुरे.’ मी आजारपणात पहिला ‘पुरे’ म्हणत होते. देव दुसऱ्याबद्दल बोलत होता.

काही माणसं मुळातच शांत असतात. माझा स्वभाव तसा नाही. मग माझ्याने हे होईल का?

पौलाचा स्वभाव तरी कुठे तसा होता? त्याची पत्रं वाचा. तो चिडतो, वाद घालतो, व्याकूळ होतो. मार्क नावाच्या सोबत्याला प्रवासात बरोबर घ्यायचं की नाही यावरून त्याचं आणि त्याचा सहकारी बर्णबाचं एवढं बिनसलं की दोघे वेगवेगळ्या वाटांनी गेले. पण आपल्या समाधानाबद्दल तो ‘मी शिकलो आहे’ असं म्हणतो. ‘मला मिळालं’ किंवा ‘माझा पिंडच तसा’ असं म्हणत नाही. शिकणं म्हटलं की वेळ आला, चुका आल्या, तोच धडा पुन्हा गिरवणं आलं.

किती वेळ? फिलिप्पैकरांस पत्र रोममधल्या कैदेतलं आहे असं बहुतेक परंपरा मानते. तसं धरलं तर दिमिष्क शहराच्या वाटेवर येशू भेटून तो विश्वासात आला तेव्हापासून तोपर्यंत साधारण २५ वर्षं झाली होती. मधल्या काळात काय काय झालं याची यादी त्याने स्वतःच दिली आहे: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं, एक रात्र आणि एक दिवस खोल समुद्रात. नुसते फटके मोजले तरी १९५ होतात. इतकी फी भरून शिकलेला धडा आपल्याला एका रविवारच्या उपदेशात पाठ होत नाही, यात आपला विश्वास कमी आहे असं काही नाही.

‘मी शिकलो आहे’ याच्या पुढच्याच वचनात तो आणखी एक क्रियापद वापरतो. नव्या करारात ते दुसरीकडे कुठेही नाही. ग्रीक लोक ते गुप्त पंथाची दीक्षा घेण्यासाठी वापरत. ज्याला दीक्षा मिळाली त्यालाच आतलं रहस्य कळायचं. पौलाची दीक्षा भूक, तृप्ती, विपुलता आणि टंचाई अशा सगळ्यांतून झाली होती. मला यातलं धीर देणारं वाटतं ते हे, की तुमचे आत्ताचे वाईट दिवस शाळेच्या बाहेरचे नाहीत.

‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्वकाही करू शकतो’ याचा अर्थ मी परीक्षा पास होईन, नोकरी मिळेल, असा घ्यायचा का?

आधीचं वचन वाचलं तर तसा अर्थ घेता येत नाही. ‘सर्वकाही’ म्हणजे तिथे उपाशी राहणं आणि भरल्या पोटी राहणं, दोन्ही. परीक्षेसाठी प्रार्थना जरूर करा. मात्र हे वचन त्या संध्याकाळसाठी जास्त आहे जेव्हा निकालाच्या यादीत तुमचं नाव नसतं.

समाधानी विश्वासणाऱ्याने रडावं का? तक्रार करणं पाप आहे ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फिलिप्पैकरांस पत्राचाच दुसरा अध्याय पाहा. एपफ्रदीत मदत घेऊन आला आणि आजारी पडला, मरणाच्या दारापर्यंत गेला. तो बरा झाल्यावर पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. समाधानाचा धडा शिकलेला माणूस त्याच पत्रात सांगतो आहे की मित्र गेला असता तर मी कोसळलो असतो. मला हे वचन सापडलं तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. येशू आपला मेलेला मित्र लाजार याच्या कबरीपाशी रडला, आणि तेही काही वेळातच त्याला उठवणार आहे हे ठाऊक असताना. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने ‘हा प्याला माझ्यापासून टळो’ अशी विनवणी केली. ‘तुझी इच्छा’ हे शब्द त्या विनवणीनंतर आले, तिच्याऐवजी नाही.

आता तक्रारीबद्दल. गणना पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात दोन तक्रारी शेजारी शेजारी आहेत. मिसरच्या गुलामीतून सुटून रानातून चाललेले इस्राएली लोक रडतात: मिसरात मासे फुकट मिळायचे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण मिळायचे, इथे नुसता मान्ना (रानात देव रोज पुरवायचा ते अन्न). त्यांचं रडणं तंबूच्या दारात, एकमेकांजवळ आहे आणि गुलामीची त्यांना आता गोड आठवण येते आहे. त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशेही तक्रार करतो आणि ती जास्त कडक आहे: या लोकांचा भार मला एकट्याला उचलत नाही, असंच वागवायचं असेल तर मला मारून टाक. पण मोशे ते देवाला म्हणतो. लोकांच्या रडण्यावर देवाचा राग भडकतो. मोशेला मात्र भार वाटून घ्यायला सत्तर वडीलधारी माणसं मिळतात.

तेव्हा फरक आवाजाच्या पट्टीत नाही, तोंड कोणीकडे आहे यात आहे. पाठ फिरवून कुरकुरणं मनाला कडू करतं. देवाकडे तोंड करून ओरडणं ही प्रार्थनाच आहे, आणि स्तोत्रांत तशा प्रार्थना भरपूर आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही दिलाशाची ओळ नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या रात्री तुम्हाला स्तुती सुचत नाही त्या रात्री ते तुमच्यासाठी तिथे ठेवलेलं आहे असं समजा.

घरात मारहाण होते, कामावर पिळवणूक होते. ‘समाधानी राहा, देव पाहतो आहे’ असं मला सांगितलं जातं. मी सहन करत राहायचं का?

नाही. तुमच्या जिवाला धोका असेल तर हे वाचायचं थांबवा आणि आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांची किंवा मदत करणाऱ्या संस्थेची मदत घ्या.

समाधानाची शिकवण मार खाणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरणं हा शास्त्राचा गैरवापर आहे, आणि तो मंडळ्यांमधून होतो याचं मला मनापासून दुःख आहे. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फिलिप्पैमध्ये चौकशीशिवाय छड्या मारून आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते गीतं गात होते. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची फारसं कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी ‘गुपचूप निघून जा’ असा निरोप धाडला, तेव्हा पौलाने नकार दिला. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चारचौघांत मारलं, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले. रात्री गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच होता. पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. गुलामगिरीत असलेल्यांना करिंथकरांस पहिल्या पत्रात तो लिहितो की मोकळं होता येत असेल तर ती संधी घ्या.

समाधान हे तुमचं आणि देवाचं आतलं नातं आहे. दुसऱ्याच्या अन्यायाला दिलेली सूट म्हणजे समाधान नव्हे.

समाधानी असेन तर देवाकडे काही मागूच नये का?

मागावं की. तरुण सहकारी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, मरण समोर दिसत असताना, पौल मागतो: त्रोवस शहरात राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकंही, आणि हिवाळ्यापूर्वी ये. समाधानी माणसालाही थंडी वाजते.

मी औषधं घेते, नैराश्य आहे. याचा अर्थ माझा विश्वास कमी आहे का?

मुळीच नाही. नैराश्य हा आजार आहे आणि समाधानाचा अभाव ही वेगळी गोष्ट. या दोन्हींची गल्लत झाली की आजारी माणसाच्या डोक्यावर अपराधाचं आणखी एक गाठोडं बसतं. एलीया संदेष्टा झाडाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला. (हा पहिला ‘पुरे’.) देवाने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला, दूताने स्पर्श करून उठवलं, भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिलं. प्रश्न विचारले ते नंतर, चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर. औषध घ्या, झोप घ्या, डॉक्टरांच्या भेटी चुकवू नका. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच, आत्ताच, कोणाला तरी फोन करा. एकट्याने प्रार्थना करून ते निभावून नेण्याची अपेक्षा देव तुमच्याकडून करत नाही.

माझ्याकडे सगळं आहे. तरी आत पोकळी का वाटते?

पौलाच्या भूक-टंचाईच्या यादीत विपुलतासुद्धा आहे हे आपण विसरतो. भरलेल्या हातांनी समाधानी राहणं त्यालाही शिकावंच लागलं. मला वाटतं तो धडा जास्त कठीण आहे. रिकाम्या हातांना देवाची आठवण आपोआप येते, भरलेल्या हातांना करून द्यावी लागते. म्हणूनच नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर मागतो की मला दारिद्र्य नको आणि श्रीमंतीही नको, गरजेपुरतं अन्न दे. नाहीतर पोट भरल्यावर मी म्हणेन, परमेश्वर कोण? आणि बायबलमधल्या उपदेशक पुस्तकाच्या लेखकाला कधीच ठाऊक होतं की ज्याला पैसा प्रिय त्याची पैशाने तृप्ती होत नाही.

मान्नाची गोष्ट मला इथे फार उपयोगी पडते. माणशी ठरलेलं माप, रोजच्या रोज गोळा करायचं. उद्यासाठी लपवून ठेवलेल्याला किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा केलेलं टिकलं. साठवणं मुळात वाईट नाही. देव उद्या देणार नाही या भीतीने साठवलेलं कुजतं. तुमच्या पोकळीत काय कुजतं आहे हे मला सांगता येणार नाही. पण एक प्रयोग करून बघा: तुम्हाला आवडणारी, अजून कामाची असलेली एखादी वस्तू कोणाला तरी देऊन टाका आणि देताना मन कुठे अडखळतं ते पाहा. उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

बाकीच्यांचं सुरळीत चाललेलं पाहिलं की माझं समाधान उडतं. काय करू?

मरणातून पुन्हा उठल्यावर येशू आपला शिष्य पेत्राला सांगतो की तुझं म्हातारपण आणि मरण कठीण असेल. पेत्र लगेच मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे, योहानाकडे, पाहतो: प्रभू, याचं काय? येशूचं उत्तर असं, की तो मी येईपर्यंत राहावा अशी माझी इच्छा असली तर तुला काय त्याचं? तू माझ्यामागे ये. उत्तर जरा कडक वाटतं, पण त्यात एक सुटका आहे. दुसऱ्याच्या आयुष्याचा हिशेब ठेवायचं काम आपल्याला दिलेलंच नाही. तरीही मत्सर छळत असेल तर आसाफाचं ७३ वं स्तोत्र वाचा. आपण जवळजवळ घसरलोच होतो हे तो मोकळेपणाने कबूल करतो. आणि झोपण्यापूर्वी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे.

देव जवळ आहे असं वाटतच नाही. मग समाधान कशाच्या आधारावर?

वाटण्याच्या आधारावर नाही. इब्री लोकांस पत्र १३:५ मध्ये ‘जवळ आहे तेवढ्यात तृप्त राहा’ या आज्ञेला लगेच कारण जोडलेलं आहे: कारण त्याने म्हटलं आहे, मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही. मूळ ग्रीकमध्ये या एका वचनात नकार पाच वेळा येतो. मराठीत आणायचं तर ‘नाही, नाही, कधीच नाही’ असं काहीतरी करावं लागेल. आज्ञा त्या पाच ‘नाहीं’वर उभी आहे. आपल्याला त्या दिवशी काय वाटतं यावर ती उभी नाही.

आणि १३१ वं स्तोत्र. तीनच वचनं. दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव माझ्या ठायी आहे. अंगावर पिणारं मूल आईजवळ जातं ते दुधासाठी. मिळालं नाही की आकांत करतं. दूध तुटताना ते रडतं, रुसतं, आईने टाकलं असं त्याला वाटत असणार. मग एक दिवस ते नुसतं मांडीवर येऊन बसतं, काही मागण्यासाठी नाही, आई आहे म्हणून. माझे कित्येक कोरडे महिने मला नंतर या स्तोत्रातून उमगले. देव दूर गेला नव्हता; दूध तुटत होतं.

रोज काय करायचं?

थोडं आणि नियमाने. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ या ओळीत दिवस एकच आहे, तेव्हा काळजी करायचीच झाली तर आजपुरती करा. काळजीची गोष्ट देवाला नाव घेऊन सांगा, ‘सगळं ठीक कर’ असं मोघम नको. त्यासोबत एका गोष्टीसाठी आभार माना. फिलिप्पै ४:६ मध्ये विनंती आणि आभार एकत्र आहेत. एकटं राहू नका, मंडळीत जा, गाता येत नसेल तरी गा. संपूर्ण पत्र चारच अध्यायांचं आहे, एका बैठकीत मोठ्याने वाचून होतं. महिन्यातून एकदा तसं वाचा.

एखाद्या आठवड्यात यातलं काहीच झालं नाही तर पुढच्या सोमवारी पुन्हा सुरुवात करा.

माझ्या जवळचं माणूस दुःखात आहे. त्याला समाधानाबद्दल काय सांगू?

आत्ता काहीच सांगू नका. मुलंबाळं, मालमत्ता आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं.

मी अंथरुणावर असताना पुष्कळांनी वचनं पाठवली. सगळी खरी होती, आणि त्यातलं एकही आज मला आठवत नाही. मंडळीतल्या एक मावशी दर गुरुवारी यायच्या. मला हात वर करता येत नसे म्हणून माझे केस विंचरायच्या, वेणी घालायच्या, चादर बदलायच्या. एकदा मी त्यांच्यावरही ओरडले की तुमच्या देवाला दिसत नाही का. त्या म्हणाल्या, ‘त्यालाच विचार, मी तोवर गुंता काढते.’ पौलाकडे मदत घेऊन लांबचा प्रवास करून आलेल्या एपफ्रदीताचा एकही शब्द पत्रात नोंदलेला नाही. तो आला होता, एवढंच आपल्याला कळतं. तुम्हीही जा. कधी येणार तो वार सांगा आणि त्या वारी जा.